तोकोन आजोबांचा तोल

१ जुलै, वरचं कुरण

जिपार एजे,

तू पाठवलेला पट्टा आजोबांनी घातलाच नाही. मी घातला. दहाच्या दहा दिवस. लिहून टाकलं, सुटलो. मोठी बहीण म्हणून शिव्या घालायचा हक्क तुझा आहे, पण आधी ऐकून घे.

पट्टा आला त्या दिवशी मी त्यांना सगळं नीट समजावलं. म्हटलं, कमरेला बांधायचा, त्या डबीत तुमचा तोल आपोआप लिहिला जातो. तीस मोजेपर्यंत पाय जुळवून उभं राहायचं, मग तेच डोळे मिटून, मग दहा पावलं जाऊन वळायचं. जिपार एजे बिश्केकमध्ये ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते ना, त्या हे बघून तुमच्या कंपवाताच्या गोळ्या ठरवणार. आजोबा म्हणाले, "माणसाला एकदाच मोजतात, कफन कापताना. मी अजून उभा आहे." आणि पट्टा उचलून चुलीपाशी टाकला. मी तो जळायच्या आत काढला, एवढं तरी पुण्य माझ्या खात्यात धर.

मग काय करणार? तू लिहिलं होतंस, दहा दिवस चुकवले तर नाव यादीतून जाईल आणि गोळ्या बंद. म्हणून मीच बांधला. पहिल्या दिवशी म्हटलं, जरा आजोबांसारखं डुलावं. पण एजे, ते डुलत नाहीत गं. खांबासारखे उभे असतात आणि मग एकदम जातात. ते मला जमेना. कंटाळून सरळ उभा राहिलो. बाकी सगळं इमानदारीत केलं, फक्त माणूस चुकीचा.

मी दमलोय, एजे. आई-बाबा तिकडे रशियात, तू तिकडे. सकाळी आजोबांना अंथरुणातून सोडवायचं म्हणजे गोठलेलं कातडं उलगडण्यासारखं आहे. बूट चढवायला अर्धा तास. तंबूच्या दारात पाय जमिनीला चिकटतात, मग मी समोर चाबूक आडवा ठेवतो, तो ओलांडायला म्हणून पाऊल उचलतात. तोवर घोड्या दुधासाठी हिंकाळत असतात आणि शेजारची उपोल आपा ओरडत असते, "कुत्मान, मेलास का?" अजून नाही, आपा.

पट्ट्याचे आकडे मागच्या शनिवारीच दुइशोनच्या ट्रकबरोबर खाली गेले, या शनिवारी हे पत्र जाईल. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. तू शिकलेली आहेस.

तुझा कुत्मान

२ जुलै, बिश्केक

कुत्मान, माझ्या राजा,

बसून वाच. नको, उभ्यानंच वाच, आणि सगळ्यांना गोळा करून मोठ्यानं वाच!

आजोबांच्या पट्ट्याचे आकडे आले. आमच्या डॉक्टरीण नाझिराबाईंनी दोनदा तपासले. म्हणाल्या, "जिपार, चौऱ्याहत्तर वर्षांच्या कंपवाताच्या माणसाचा असा तोल मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही. औषध भलतंच लागू पडलंय." इतकं लागू पडलंय की दिवसाच्या चार गोळ्या आता जास्त होतील, म्हणून तीन करायच्या. आणि मी भीत भीत विचारलं, घोड्याचं काय? तर म्हणाल्या, असे आकडे असतील तर बसू देत की!

मागच्या सप्टेंबरात कुरण सोडताना आजोबांना ट्रकमध्ये गाद्यांच्या ढिगात बसवून खाली आणलं, ते तुला आठवतं. एका बाजूला वासरू, एका बाजूला पातेली. गावाच्या पुलावर सगळे उभे, आणि त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतलेली. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. यंदा ते स्वतःच्या घोड्यावर, तोरूवर बसून, सगळ्यांच्या पुढे उतरतील. मी रजा काढून पुलावर येईन.

हे सगळं तुझ्यामुळे. इतके दिवस नेटानं पट्टा घातलास त्यांना, ते काय सोपं आहे? मी उगाच तुला वांड म्हणत होते.

दुइशोनला फोन करून बातमी सांगून ठेवलीय. नव्या गोळ्या त्याच्याकडे आहेत.

तुझी जिपार

६ जुलै, वरचं कुरण

एजे,

आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या अंगावरून गेली. माझं वाचून झालं असेल तर तू आता डोकं धरून बसली असशील. बस. इकडे काय झालं ते ऐक आणि आणखी घट्ट धर.

दुइशोननं ट्रक ओढ्यापाशीच थांबवला आणि तिथूनच बोंबलत सुटला, "सुयुंचू! तोकोन बाबा, सुयुंचू काढा! आधी बक्षीस बोला, मग बातमी!" पाचही तंबूंमधली माणसं बाहेर. उपोल आपा तर हाताला पीठ तसंच घेऊन. मला पत्र दिलं. मी म्हटलं, नंतर वाचतो. आपा म्हणाली, "नंतर कशाला, तुझं लग्न ठरलंय का?" मी दोन ओळी गाळायच्या विचारात होतो, तर ती खांद्यावरून डोकावायला लागली. एरवी तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण दुसऱ्याचं पत्र बरोबर दिसतं.

वाचलं सगळं. आजोबा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" ऐकलं, ऐकलं. "मग त्या दुइशोनला काळं कोकरू द्या."

कोकरू ट्रकमध्ये चढलं, बें बें करत गेलं. आता सांग, बक्षीस देऊन घेतलेली बातमी परत कशी करतात? आपल्याकडे कुणी केलीय? दुइशोनला सांगू, बाबा रे, बातमी खोटी होती, कोकरू आण? त्यानं एव्हाना सगळ्या खोऱ्यात सांगितलं असेल. काल दोन तंबूवाले लांबून अभिनंदनाला आले, घोडीच्या दुधाचं कुमिस पिऊन गेले. आजोबांनी खोगीर बाहेर काढायला लावलंय आणि मला त्याचे पट्टे चरबीनं चोळायला बसवलंय. आणि गोळ्या मात्र तीन झाल्यात.

मी काय करू? पटकन लिही.

कुत्मान

११ जुलै, बिश्केक

कुत्मान,

शिव्या घालायचं सुद्धा त्राण नाही. दिवसभर म्हाताऱ्या माणसांना उठा, बसा, वळा म्हणून घसा बसतो. संध्याकाळी खोलीवर आले आणि तुझी दोन्ही पत्रं वाचली. मग बूट न काढताच झोपले.

त्या दहा दिवसांच्या प्रत्येक पानाखाली 'तपासलं, बरोबर आहे' म्हणून माझी सही आहे. नाझिराबाईंना मी अजून काही बोललेले नाही. तोवर निदान खरं काय आहे ते मला कळव. पट्टा नाही घालत ना, मग हातानं मोज. आम्ही पण तसंच करतो.

कडकपणा असा बघायचा: त्यांना बसव, हात सैल सोडायला सांग. एक हात कोपराखाली, एका हातानं मनगट धर, आणि सावकाश वाकव, सावकाश सरळ कर. सुळकन जातो, की ओल्या वाळूतून ओढल्यासारखा, की दातेरी चाकासारखा अडत अडत? मग त्यांना दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला सांग आणि तेव्हा कडकपणा वाढतो का बघ. शून्य ते चार असा आकडा दे. चार म्हणजे वाकवताच येत नाही.

तोल असा: त्यांच्या मागे उभा राहा. आधी सांग की मी मागे ओढणार आहे, तुम्ही सावरा. न सांगता ओढलंस तर मी तुझं तंगडं मोडीन. खांदे धरून एकदा झटक्यानं ओढायचं आणि ते किती पावलांत सावरतात ते मोजायचं. एक-दोन ठीक. आणि गाढवा, तू मागे पक्का उभा राहा. पडले तर तुझ्या अंगावर पडले पाहिजेत.

गोळी जेवणाआधी तासभर दे. मांसाबरोबर दिलीस तर लागत नाही. घोड्यावर बसू देऊ नकोस.

जिपार

१८ जुलै, वरचं कुरण

एजे,

आधी जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. गोळी कमी झाल्यावर आजोबा दोनदा पडले. एकदा दोराच्या खुंट्यापाशी, एकदा तंबूत. लागलं नाही, पण उठवताना माझीच पाठ भरली.

आता आकडे. कोपर मी कोट चढवायच्या निमित्तानं बघितलं. डावा दोन. उजवा तीन. अडत अडत जातो, दुइशोनच्या ट्रकच्या गंजलेल्या जॅकसारखा. म्हटलं, "आजोबा, डाव्या हाताची मूठ उघडा-मिटा." म्हणाले, "कशाला, गाय पिळायची आहे?" पण केलं. तेवढ्यात उजवा आणखी आवळला. सव्वातीन असा आकडा असतो का?

मग तोल. ते तोरूला खरारा करत उभे होते. मी मागे गेलो, म्हटलं, "आजोबा, मागे ओढणार आहे. सावरा." म्हणाले, "ओढ."

ओढलं, एजे. त्यांनी पाऊलच टाकलं नाही. एकसुद्धा नाही. कापलेलं झाड येतं तसे आख्खे माझ्या अंगावर आले. मी पक्का उभा होतो गं, तू सांगितलं तसा, पण खाली ओलं शेण. दोघंही गेलो. मी खाली, ते माझ्यावर. तोरूनं वळून बघितलं आणि परत चरायला लागला.

तिथंच पडल्या पडल्या म्हणतात, "किती आले?"

"काय किती?"

"आकडे. डॉक्टरीणबाईला हवेत ते."

"शून्य पावलं."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

मला हसू पण येईना. मग म्हणाले, "पट्टा तू बांधून हिंडत होतास. माझ्या समोर, डोळे मिटून, हात सोडून. मला काय वाटलं असेल, नमाज पढतोयस? तू? पोरा, तुझ्या बापानं एवढा मोठा धर्मात्मा जन्माला घातला नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बातमी चांगली येत होती. येऊ दिली. कोकरू दिलं की बातमी पक्की होते."

मग आभाळाकडे बघत होते. मी ढकलून उठवू शकलो असतो, पण मी पण पडून राहिलो. आयतं निजायला कधी मिळतं? शेवटी म्हणाले, "मला अजून एकदा खाली जायचंय. घोड्यावरनं. सगळ्यांच्या पुढे. मग मोजा, बांधा, भिंतीला टेकवून ठेवा. पण त्या गाद्यांत मला घालू नका." तोंडाचे स्नायू हलत नाहीत ना आता, चेहऱ्यावर काही कळतच नाही. पण आवाज कसा होता तो मी लिहू शकत नाही.

जिपार एजे, मी हे सगळं गंमत म्हणून केलं नव्हतं. थोडंसं केलं असेल.

कुत्मान

२५ जुलै, बिश्केक

कुत्मान,

सांगितलं. नाझिराबाईंना सगळं सांगितलं. तुझं पत्रच पुढे ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं. शेणापाशी आल्यावर त्यांचा चष्मा हलला, पण हसल्या नाहीत.

मोजणीचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. आता मी तळघरात जुन्या फायली लावते. बाई म्हणाल्या, "खोटा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट असतो, जिपार. त्याच्यावर मी एका माणसाची गोळी तोडली."

आणि तू एकटाच चोर नाहीस, म्हणून लिहिते. चौथ्या दिवशीच्या आकड्यांत पट्टा पळाला होता. पंधरा मिनिटं, भरधाव. आजोबा पळाले? मी ते बघितलं होतं. स्वतःशी म्हटलं, पट्टा सैल झाला असेल, हलला असेल. मला चांगला आकडा हवा होता, म्हणून मी तो चांगला वाचला. (कशाच्या मागे पळत होतास?)

गोळ्या परत चार. दुइशोनकडे दिल्यात. घोड्याचं मी परत विचारलं, लाज सोडून. त्या म्हणाल्या, "मागे पडताना त्यांचं पाऊल उठत नाही. उतारावर घोडा दचकला तर? एकट्यानं नाही. मुळीच नाही." आजोबांना तूच सांग. माझ्यानं लिहवत नाही.

जिपार

२२ ऑगस्ट, वरचं कुरण

एजे,

शिंगराच्या मागे पळत होतो. खुंटा उपटून गेलं होतं.

आजोबांना सांगितलं. त्यांनी पट्टा मागितला. हो, त्यांनीच. स्वतःच्या हातानं बांधायला गेले, बक्कल लागेना, मी लावलं. पाच दिवस घातला. तीस मोजेपर्यंत उभे राहिले, डोळे मिटून मात्र अकरापर्यंतच, मग मी धरलं. सहाव्या दिवशी म्हणाले, "आता तोरूवर बसव आणि तिथंही मोज. माझे खरे पाय ते आहेत."

बसवलं. मी लगाम धरून कुरणातून दोनदा फिरवलं. एजे, दारात पाय चिकटणारा माणूस तो हाच का? कंबर घोड्याबरोबर हलत होती. पण मान वळवून मागे बघायला गेले तेव्हा कलले, आणि परत येता येईना. मी खालून ढकललं. कुणी बघितलं नाही.

खऱ्या माणसाचे खरे आकडे बरोबर पाठवतोय. यावर तूच सही कर, त्या नाही म्हणाल्या तरी.

कुत्मान

३ सप्टेंबर, बिश्केक

कुत्मान,

पट्ट्याचे आकडे बाईंनी स्वतः बसून लावले. घोड्यावरचे बघून म्हणाल्या, यात तुमच्या आजोबांचा तोल किती आणि घोड्याचा किती, हे माझ्या डबीला कळत नाही. पण ते पान त्यांनी फेकलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलं. गोळी पाच वेळा, थोडी थोडी, अशी केलीय. कागद सोबत आहे. बाकी उत्तर तेच. एकट्यानं नाही.

मला पुलावर यायला रजा मिळत नाही. तळघरातल्या माणसाला कोण रजा देणार? ट्रकमध्ये बसवताना गाद्या जरा खाली ठेव, म्हणजे ते बाहेरून दिसणार नाहीत. एवढं कर.

जिपार

१९ सप्टेंबर, गाव

एजे,

आलो खाली. तू पुलावर नव्हतीस, म्हणून नीट सांगतो.

निघायच्या तीन दिवस आधी मी ओढ्यावर घसरलो. पाय मुरगळला. घोट्याला उपोल आपाची ओढणी गुंडाळली, काठी घेतली, आणि असा बोंबललो की कुत्री गप्प झाली. आपा म्हणाली, "एवढा घोडा झालास आणि पाण्यात पाय ठेवता येत नाही!" तंबू सोडले, उंटाच्या कुबडासारखं सामान ट्रकवर चढलं. दुइशोन मला म्हणतो, "चल लंगड्या, गाद्यांवर चढ. तुझ्या आजोबांच्या शेजारी जागा ठेवलीय. चालता येत नाही, एकट्यानं घोडा आवरता येत नाही, अजून काय करणार?"

आजोबा तिथंच उभे होते. दुसरी गोळी घेऊन तास झाला होता, अंग सैल होतं. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग दुइशोनकडे. "माझ्या घरातला माणूस गाद्यांत बसून उतरणार नाही," म्हणाले. "तोरू आणा. या बावळटाला माझ्या मागे बसवा."

मी नको नको म्हटलं. थोडंसंच.

दोघांनी त्यांना चढवलं, मग मला मागे चढवलं. लहान पोराला बसवतात तसं. सगळी माणसं खदाखदा हसत होती, मला. आणि आजोबा पुढे, लगाम हातात, टोपी सरळ. म्हणाले, "घट्ट धर. पडशील." मी धरलं, दोन्ही हातांनी, कोटाखालून त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला.

उतारावर तीनदा त्यांची पाठ माझ्या छातीवर आली. आख्खी. पाऊल टाकायला तिथं जागाच नव्हती, पडायला पण नव्हती. प्रत्येक वेळी मी पुढे रेटलं आणि ते मला ओरडले, "नीट बस की! किती रेलतोस!" मागून येणाऱ्यांना ऐकू गेलं. परत हसले.

पूल दिसायला लागला तसं औषध उतरायला लागलं. त्यांची पाठ हळूहळू लाकूड होत होती, माझ्या छातीला कळत होतं. लगाम धरलेली मूठ उघडेना. मी मागून तोरूच्या बगलेत टाच दिली, दुखरी म्हणायची तीच. पुलावर आख्खं गाव. म्हाताऱ्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला. आजोबांना मान वाकवता येत नव्हती. लोकांना वाटलं, रुबाब आहे.

मी सरळ आपल्या अंगणात घोडा घातला आणि लोकांना बाहेरून फाटक लावायला लावलं. मग काठी फेकून उतरलो आणि त्यांना उतरवलं. पंधरा मिनिटं लागली. बोटं एकेक करून सोडवावी लागली लगामातून. भिंतीला टेकवून बसवल्यावर म्हणाले, "तुला आणलं बाबा खाली. फार जड झालायस." आणि डोळे मिटले.

त्यांना माहीत आहे का नाही, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. तू पण विचारू नकोस, तुझी शपथ.

आता गावभर मी लंगडा कुत्मान. विहिरीवरच्या पोरी माझ्यासारखं चालून दाखवतात. दुइशोन रोज विचारतो, तोकोन बाबा, नातवाला आज कुठं फिरवून आणणार? आजोबा म्हणतात, बघू, पोराचा पाय कसा आहे त्यावर. अजून निदान दोन आठवडे तरी लंगडावं लागणार. खरंच, एजे, पाठ इतकी दुखतेय की लंगडणं सोपं जातंय.

नाझिराबाईंना सांगायचं तर सांग, त्यांच्याशी आता खोटं नको. म्हणावं, एकट्यानं नाही आले. पण दुइशोनला नको. उपोल आपाला तर मुळीच नको. आई-बाबांना फोनवर नको, आई लगेच त्यांना विचारेल. पाया पडतो, एजे, माझा पाय धडधाकट आहे हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नकोस.

कुत्मान